पेटी अमरावतीचीच!

॥ श्रीअंबादेवी पाठीशी ॥

मुक्काम अमरावती, आश्विन वद्य पंचमी, शके १७८६

राजमान्य राजश्री इवाईबुवा, आमच्या लेकीचे सासरे नत्थुजी पाटील, मुक्काम अकोला, यांच्या पायाशी मुलीचा बाप खुशालराव याचा जोडल्या हातानं रामराम. इकडं आमी सारे देवीच्या कृपेनं जित्ते आहो, तुमचंही तसंच असो. तुमचा डावा गुडघा कसा आहे? पांढऱ्या घोडीचा खोकला गेला का? पऱ्हाटी कमरेले लागली, का मागल्या सालासारखी नुसती पानायवरच गेली? व्यापाऱ्यानं काय भाव सांगितला तेही कळवा (खरा कळवा, लग्नाच्या मांडवात सांगितला तसा नको). तिकडं अमेरिकेत गोरे एकमेकायचे गळे कापून राहिले तवापासून आपल्या कापसाच्या बोंडाले सोन्याचा भाव आला, हे खरं. पण पैसा आला म्हणजे सुख आलं असं थोडंच आहे? आमच्या चंद्रभाननं गाडीच्या चाकायले चांदीच्या धावा बसवल्या, अन् पटकीच्या पायी सारे रस्ते बंद. आता तो रोज सकाळी आपल्याच खळ्यात गाडी गोल गोल फिरवते अन् बायको पाहते.

आता मुद्द्याचं. तुमचं पत्र परवा पोचलं. त्याच्यावर तिकीट म्हणून अर्ध्या आण्याची निळी राणी होती, तीही एका कोपऱ्यातून फाटकी. (मुद्दाम फाटकी लावली, हे मी ओळखलं. चांगलं तिकीट अमरावतीले जाऊ द्यायचं नाही, असा तुमचा बाणा.) तुमी लिहिता की पटकीच्या दिवसात तुमच्या तिकीट-मंडळीची बैठक चुकली असेलच, तवा करारापरमाणं पेटी अकोल्याले रवाना करा. वाचून मले असं हसू आलं की आत्या काढा घेऊन धावली.

करार काय होता ते मी विसरलो नाही. वच्छलेच्या लग्नात मी तुमचे पाय धुतले, तुमच्या मामाचे धुतले, तुमच्या मामाच्या सोयऱ्याचेही धुतले, अन् तो कोण होता ते अजून कोणाले ठाऊक नाही. मानपान दिला, रुसवे काढले, घोडी दिली (खोकत नव्हती, तुमच्याकडंच खोकू लागली). सारं पदरात पडल्यावर तुमी म्हटलं, आंदणात आता ती जमवलेल्या डाक-तिकिटायची पेटी येऊ द्या. तवा मांडवात उभं राहून मी म्हटलं होतं, लेक दिली, पेटी देत नाही! मंग चार माणसायनं मधात पडून ठरवलं की पेटी अमरावतीले राहील, पण दर अमावास्येले बैठक झालीच पाहिजे. अमावास्येले आपण बैल जुपत नाही, माणूस मोकळा असते, म्हणून तो दिवस. एक जरी अमावास्या चुकली तं पेटी अकोल्याची. इवाईबुवा, मी मुलीचा बाप. जन्मभर तुमच्यापुढं वाकूनच राहणार, त्याचं मले काही वाटत नाही. पण ह्या एका पेटीपाशी मी ताठ उभा राहतो, अन् तेवढं मले राहू द्या.

तं ऐका, एकही बैठक चुकली नाही.

आखाडीच्या अमावास्येलेच पटकी आमच्या पुऱ्यात घुसली. चांगली चांगली माणसं दोन दिवसात गेली. त्यायची नावं लिहत नाही. तुमच्याकडंही तेच चालू असेल, अन् लिहून कोणी परत येत नाही. लोकायनं गल्लीगल्लीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या. कोणी कोणाच्या घरी जाईना. आमची मंडळी म्हणजे तुमाले माहीतच आहे, मी, चांदीच्या धावावाला चंद्रभान, अन् वांग्या-केळीच्या बागेवाला किसनराव. बैठकीले तिघं पाहिजे अन् दोघं काट्याच्या पलीकडं. मंग मी निरोप धाडला की माणूस येत नसेल तं पागोटं येऊ द्या. लग्नात नवरदेव नसला तं त्याचं खांडं, म्हणजे तलवार, चालते, मंग बैठकीत पागोटं काहून चालू नये? दोन पागोटी बांबूच्या टोकावर काट्यावरून अलीकडं आली. आत्यानं त्यायले कडुलिंबाचा धूर दिला, पाटावर मांडली, अन् बैठक झाली. ठराव एकमतानं पास झाले. इतकी शांत बैठक आमच्या मंडळीची आजवर झाली नव्हती.

इथं आत्याबद्दल दोन शब्द लिहतो, कारण पुढं तिचं काम आहे. पार्बता आत्या तुमी लग्नात पाहिली, जेवणावळीत तुमच्या भावाले पंगतीतून उठवलं तीच. तिचं पहिल्यापासून एकच म्हणणं. हे प्रत्येक तिकीट कोणी ना कोणी जिभेनं चाटून लावलं आहे, म्हणजे ते उष्टं. कोणाचं उष्टं? मुंबईच्या गुमास्त्याचं, पारश्याचं, विलायतेच्या गोऱ्याचं, जित्त्याचं का मेल्याचं, देवाले ठाऊक. अन् असं साऱ्या मुलखाचं उष्टं तू पेटीत भरून माजघरात ठेवतं, वरून त्याले भिंगातून पाहतं! मी तिले लाख समजावलं की आत्या, ते वाळलेलं आहे. ती म्हणे, वाळलं म्हणून काय पवित्र झालं? याच्यावर उत्तर तुमच्याकडं असेल तं कळवा. आमच्या घरी पत्राले तिकीट लावतानी ती पाण्याची वाटी घेऊन समोर उभी राहते. बोट बुडवा अन् लावा, जीभ आत.

मंग आला पोळा. श्रावणातली अमावास्या. तुमी म्हणसान, पोळ्याच्या दिवशी कास्तकाराले बैलापुढं तिकीट सुचते का? पण मले तिथंच सुचलं! काट्यातून माणसाले वाट नाही, पण पोळ्याचा बैल दारी आला तं त्याले कोण अडवते? तो महादेवाचा नंदी. तोरण तुटल्यावर बैल घरोघर पूजेले जातात, बाया त्यायचे पाय धुतात, पोळी खाऊ घालतात. मी आमच्या ढवळ्याच्या गळ्यात घुंगरमाळेच्या खाली एक पुठ्ठा बांधला अन् त्याच्यावर मंडळीची निवडक तिकिटं लावली. ढवळ्या चंद्रभानच्या दारी जाईल, चंद्रभान तिकिटं पाहील, आपलं एक नवं लावील, मंग ढवळ्या किसनरावाकडं जाईल, तो आपलं लावील, अन् बैठक घरी परत येईल. सांगा, अकोल्यात कोणाच्या डोक्यात हे आलं असतं का?

चंद्रभानकडं सारं ठीक झालं. किसनरावाकडं घोटाळा झाला, अन् तो निव्वळ त्याच्या आळसानं. त्याच्याजवळ आठ पैची जांभळी होती, डाग नाही, फाटलेली नाही, आमाले सहा महिने दाखवून दाखवून त्यानं जीव नकोसा केला होता. ती लावायले त्याले डिंक सापडेना. त्याची बायको गोदाबाई ढवळ्याले पुरणाची पोळी घेऊन उभीच होती. ह्या बह्याडानं त्याच पोळीचं पुरण बोटावर घेतलं अन् त्यानं जांभळी चिकटवली. ढवळ्या बिचारा सज्जन बैल, चालू लागला. पण त्याच्या जोडीचा पवळ्या बाजूनंच चालून राहिला होता. त्याले गुळाचा वास आला, त्यानं मान वळवली, जीभ काढली, अन् आठ पैची जांभळी राणी गेली पोटात. किसनराव काट्याच्या आतून बोंबलला. गल्लीले वाटलं, त्याच्या घरी कोणाले पटकी लागली, अन् चार दारं धडाधड लागली. पुढं दोन दिवस किसनराव माझ्याकडं निरोप धाडून राहिला की पवळ्याचं शेण फेकू नका. मी सोयऱ्यासारखं वागलो, शेण टोपल्यात भरून काट्यावरून दिलं. जांभळी सापडली म्हणते तो. पण ती पेटीत ठेवू द्यायची नाही, असा मी अन् चंद्रभाननं ठराव केला. (आत्या म्हणे, बैलाचं उष्टं एक वेळ चाललं असतं.) पण बैठक झाली का नाही? झाली!

भादव्यातल्या पित्तरमोक्ष अमावास्येची बैठक मी सांगणार नव्हतो, पण तुमाले कोणी ना कोणी तिखटमीठ लावून सांगणारच, तवा माझ्याकडूनच ऐका. तोवर काट्या ढिल्या झाल्या होत्या, माणसं वावरात जाऊ लागली होती, पण जवळ बसायची हिंमत नव्हती. आमचे तिघायचे वावरं धुऱ्याले धुरा, बांधाले बांध लागून. तिघांतही पाखरं हाकलायचे माळे उभे. मी म्हटलं, आपापल्या माळ्यावर चढा अन् तिथूनच बैठक करा. तिकीट त्या अंतरावरून दिसत नाही, म्हणून ज्याचं तिकीट त्यानं ओरडून सांगायचं, रंग कोणता, किमत काय, छाप राणीच्या कोणत्या अंगावर बसला. तीन माळ्यावरून तीन माणसं गळा फाडून ओरडू लागली. निळी! लाल! नाकावर! कानावर! चंद्रभानले तं इतका चेव आला की त्यानं सवयीनं मधून मधून गोफणही फिरवली.

आता ध्यान द्या, दिवस कोणता होता? पित्तराचा. घरोघर वडे-खीर करून बाया पानं वाढून अंगणात उभ्या होत्या, कावळा येऊन घास शिवण्याची वाट पाहत. अन् कावळा कुठं होता? आमच्या ओरडण्यानं अन् गोफणीनं पंचक्रोशीतले सारे कावळे थेट बडनेऱ्याकडं उडाले होते! दुपार टळली. लेकरं भुकेनं रडू लागली, कारण पितर जेवल्याबिगर जित्त्यायले जेवायले नाही. ज्यायच्या घरची माणसं ह्याच पटकीत गेली होती, त्या बायायचे डोळे आभाळाकडं लागलेले. ते मी नंतर ऐकलं अन् मले खरंच वाईट वाटलं, हे कबूल करतो. लोकं काठ्या घेऊन वावरात आले तवा आमी उरलेली बैठक हातवारे करून मुक्यानं पुरी केली, अन् तिघायच्या घरचे वडे गावच्या अंगणायत वाटले. संध्याकाळी कावळे परतले, पितर जेवले, माणसं जेवली. अन् अमरावतीची तिसरी बैठकही सुखरूप पार पडली.

तवा इवाईबुवा, करार जसाच्या तसा आहे. राहिली दिवाळीची अमावास्या, तीही होईल, कारण पटकी आता हटत चालली. ज्या मंडळीनं महामारीत पागोट्यानं बैठक केली, बैलानं केली, माळ्यावरून केली, तिची पेटी मागायले तोंड लागते! पेटी अमरावतीची होती, अमरावतीचीच आहे. सध्या ती देवीच्या ताब्यात आहे, म्हणजे तिची काळजी करायचं तुमाले काही कारण नाही. गुडघ्याले कोमट तेल लावत जा. लहानमोठ्यायले जसा ज्याचा मान तसा रामराम. लिहिण्यात वर-खाली झालं असेल तं मुलीचा बाप म्हणून पदरात घ्या, पण पेटीचं जे लिहिलं त्यात कानामात्राही वर-खाली नाही.

तुमचा (नाइलाजानं) नम्र,
खुशालराव

ता. क. : देवीच्या ताब्यात म्हणजे काय, ते जरा उलगडून लिहतो. पित्तरायच्या घोटाळ्यानंतर गावात बोलणं झालं की ही सारी इडापिडा खुशालरावाच्या उष्ट्या पेटीनं आणली. त्याच आठवड्यात मरीमायचा गाडा निघाला. तुमाले ठाऊकच आहे, घरोघरची जुनी केरसुणी, फुटकं सूप, देवीले हिरवी चोळी-बांगडी, सारं त्या गाड्यात घालून भरदुपारी शिवेवर नेऊन सोडायचं अन् मागं न पाहता परत यायचं. आमच्या घरून आत्यानं केरसुणी घातली, सूप घातलं, अन् त्याच्याखाली पेटी घातली. मले दोन दिवसानं कळलं. धावत शिवेवर गेलो, पण गाडा पुढच्या गावानं आपल्या शिवेवर लोटला होता. त्या गावी गेलो, तं त्यायनं त्याच्या पुढं. इवाईबुवा, जगात कोणतीही गोष्ट गाव इतक्या तातडीनं पुढं पाठवत नाही. सरकारी डाकही नाही. गाडा मूर्तिजापुराकडं निघाला आहे, म्हणजे दिवाळीच्या आत तुमच्या शिवेवर येतोच. तं माझी विनंती एवढीच, की तुमच्या गावचे लोक त्याले लोटायले धावतील, त्याच्या आधी तुमी एकट्यानं सामोरं जावं. देवीले नवी चोळी-बांगडी द्यावी, माफी मागावी, अन् सुपाखालून पेटी काढून घ्यावी. गाडा मागं लोटता येत नाही, पण पेटी काढू नये असं कुठं लिहिलं नाही. (लिहिलं असेल तं मले सांगू नका.)

दुसरा ता. क. : पेटी मिळाली म्हणजे दिवाळीची बैठक तुमच्याच घरी भरवावी, पण ती बैठक अमरावतीची समजावी. आमी तिघं पागोटी पाठवतो. तेवढं केलं तं ह्या एका बैठकीपुरतं तुमाले अध्यक्ष म्हणायले मी तयार आहे. हे वाक्य लिहायले मले सकाळपासून दुपार झाली.

तिसरा ता. क. : वरचे दोन्ही ता. क. फाडून टाका! गाडा आला तं खुशाल पुढं लोटा! तिकिटं घरीच आहेत!

झालं असं की मी डोक्याले हात लावून बसलो होतो, तवा वच्छलेची माय मनकर्णा आली अन् म्हणे, काय लिहिलं ते वाचून दाखवा. मी सारं वाचलं. ऐकून घेतलं तिनं, हसलीही नाही. म्हणे, इवाईच्या गुडघ्याची खुशाली इचारली, घोडीच्या खोकल्याची इचारली, पऱ्हाटीची इचारली. लेकीची कुठं इचारली? मी पत्र उलटून पाहिलं, पालटून पाहिलं. कुठंच नव्हती. मंग तिनं तुमचं पत्र काढून पुढं टाकलं. त्यातही वच्छलेचं नाव नाही, नुसती पेटी पेटी. म्हणे, दोघे इवाई एका माळेचे मणी, पोर पटकीत सासरी एकटी आहे अन् हे तिकिटासाठी भांडून राहिले. माझी मान खाली गेली. आखाडापासून मी रोज डाकवाल्याची वाट पाहतो, सारे समजतात तिकिटासाठी. मीही तसंच समजत होतो.

मंग ती उठली, उतरंडीतलं तिसरं मडकं काढलं, अन् तुरीच्या डाळीखालून फडक्यात बांधलेली सारी तिकिटं माझ्यापुढं ठेवली. आत्याची नजर तिनं पोळ्यापासूनच ओळखली होती. गाडा निघणार कळताच तिनं पेटीत वजनासाठी सरकी भरून ठेवली होती. म्हणजे तुमच्याकडं येते ती सरकी, बैलायले खाऊ घाला. दिवाळीची बैठक अमरावतीले होणार, अध्यक्ष मी. पण मनकर्णेची अट आहे, आधी लेकीची खुशाली, मंगच बैठक. तवा वच्छला कशी आहे, जेवते का, पाणी उकळून पिते का, लगोलग लिहा. रस्ते मोकळे झाले की तिले माहेरी धाडा. हे मी मंडळीचा अध्यक्ष म्हणून नाही, बाप म्हणून हात जोडून लिहतो.

आता एक अडचण उभी राहिली. डाकमुन्शीनं पटकीच्या भयानं तिकीट विकणं बंद केलं. ज्याच्याजवळ असेल त्यानं लावून थैलीत टाकावं, म्हणते. बैरंग, म्हणजे बिनतिकिटाचं, पाठवलं तं तुमी दुप्पट पैसे देऊन घेणार नाही, हे मी पक्कं ओळखून आहे (मी तरी कुठं घेतलं असतं). घरात कोरं तिकीट एकच. आठ आण्याची गुलाबी, मुंबईच्या पेढीवाल्यानं मागल्या साली दिलेली. तुमी लग्नात जिच्यावरून डोळा हटवत नव्हते तीच. अर्ध्या आण्याच्या पत्राले आठ आणे! चंद्रभान म्हणते, त्याच्या चांदीच्या धावा याच्यापुढं शहाणपणाच्या. पण लेकीची खबर आणायची आहे, तवा लावली. घ्या, तुमची झाली.

फक्त दोन गोष्टी. पहिली, ते तिकीट वच्छलेच्याच हातून सोडवा. कागद भिजवून, मागून हळूच. माझी निम्मी पेटी तिच्या हातची आहे, तिच्यापाशी तिकीट कधी फाटलं नाही. ते साबूत सुटलं असं तुमी कळवलं की मी समजेन, पोरीचा हात नीट चालून राहिला. दुसरी, आत्या पाण्याची वाटी घेऊन समोर उभी होती. मी वाटी बाजूले सारली अन् चांगलं जीभ फिरवून लावलं. तवा इवाईबुवा, मांडवात मी तुमचे पाय धुतले, ठीक आहे. पण आजपासून तुमच्या अकोल्याच्या पेटीत, साऱ्यायच्या वर, रेशमी फडक्यात, भिंग लावून पाहत बसायले तुमी जे जपणार, ते मुलीच्या बापाचं उष्टं आहे.